अणुवीजकेंद्रांतील साधी आग

अणुशक्तीचें नांव निघालें कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, त्यांत आगीला स्थान असतें तें एका प्रचंड स्फोटाच्या रूपानें. स्वयंपाकघरांत स्टोव्ह भडकावा, गिरणींत कापसाच्या गांठी पेटाव्या, किंवा बाजारपेठेंत विजेच्या दोन तारा एकमेकींस चिकटून दुकान भस्मसात् व्हावें, तसली साधी, घरगुती जातीची आग अणुवीजकेंद्रांत लागत असेल ही कल्पनाच सहसा कोणाला शिवत नाहीं. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. भट्टींतील युरेनियम-ऑक्साइड हें इंधन लाकडाकोळशाप्रमाणें ज्वाळेनें जळणारें नव्हे. परंतु त्या भट्टीच्या भोंवतीं जें अवाढव्य वीजघर उभें असतें, त्यांत जळण्यासारख्या पदार्थांची वाण कधींच नसते. टर्बाइनच्या धारव्यांस लागणारें वंगणाचें तेल हजारों लिटर असतें. जनित्र थंड राखण्यासाठीं त्यांत हायड्रोजन वायु खेळविलेला असतो. डीझेलच्या टांक्या असतात. रोहित्रांत तेल असतें. आणि या सर्वांहून अधिक पसरलेलीं व कमी नजरेस पडणारीं असतात तीं विजेच्या तारांवरचीं वेष्टनें. मैलोगणती तारा, त्यांचे जाड जुडगे, भिंतींतून, जमिनींतून, एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेलेले. आग लागते ती यांना.

आतां अशा आगीनें भिण्याचें विशेष कारण काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. गिरणीला आग लागली तर गिरणी जळते. विम्याची रक्कम येते. गिरणी पुन्हां उभी राहते. अणुवीजकेंद्राची गोष्ट तशी नाहीं, आणि तिचें मर्म एका विलक्षण गुणधर्मांत आहे. कोळशाची भट्टी विझविली कीं विझली. अणुभट्टींतील विभाजनाची क्रिया नियंत्रक-दंड आंत सारून कांहीं सेकंदांत थांबवितां येते. पण इंधन त्यानंतरही तापतच राहतें. विभाजनापासून निर्माण झालेले किरणोत्सर्गी पदार्थ आपल्यापरीनें झडत असतात, व त्यांची उष्णता भट्टी बंद केल्याच्या क्षणीं पूर्ण उष्णतेच्या शेंकडा सहा-सात इतकी असते. तासाभरानें ती शेंकडा दीडाच्या आसपास येते, एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या घरांत. ऐकावयास हा आंकडा क्षुद्र वाटतो. परंतु ज्या भट्टीची मूळ उष्णता ३,३०० मेगावॉटच्या जवळपास आहे, तिचा शेंकडा दीड म्हणजे ५० मेगावॉटच्या आसपासची उष्णता होते, व ती काढून नेण्यास पाणी सतत फिरतें ठेवावें लागतें. पाणी फिरविण्यास पंप लागतात, पंपांस वीज लागते, आणि वीज व हुकूम दोन्ही तारांतून जातात. तारा जळाल्या तर पंप धडधाकट असूनही निरुपयोगी होतो. म्हणून अणुवीजकेंद्रांतील अग्निसंरक्षणाचा पहिला हेतु इमारत वांचविणें हा नाहीं. बंद केलेल्या भट्टीवर पाणी चालू ठेवणें हा आहे.

ही गोष्ट जगाला पुस्तकांतून कळली नाहीं. ती एका मेणबत्तीनें शिकविली.

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा संस्थानांत, टेनेसी नदीच्या कांठीं, अथेन्स या गांवापासून जवळच ब्राउन्स फेरी नांवाचें अणुवीजकेंद्र आहे. भट्टींतच पाण्याची वाफ करून ती थेट टर्बाइनवर सोडावयाची, अशा जातीचें तें आहे. महाराष्ट्रांतील तारापूर येथें १९६९ सालीं वीज देऊं लागलेल्या पहिल्या दोन भट्ट्यांचा आराखडाही त्याच अमेरिकन कंपनीनें केलेला व त्याच जातीचा, मात्र पुष्कळ लहान आकाराचा होता. १९७५ च्या मार्च महिन्यांत ब्राउन्स फेरीच्या पहिल्या दोन भट्ट्या पूर्ण जोरानें चालत होत्या व तिसरीचें बांधकाम सुरू होतें. दोन्ही भट्ट्यांचा नियंत्रण-कक्ष एकच. त्याच्या बरोबर खालीं एक दालन होतें, ज्यांत नियंत्रण-कक्षाच्या सर्व तारा येऊन पसरत व तेथून भिंतींतील भोंकांवाटे भट्टीच्या इमारतींत जात.

भट्टीच्या इमारतींतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो. हेतु हा कीं, गळती झालीच तर हवा आंत ओढली जावी, आंतली बाहेर पडूं नये. साहजिकच तारांच्या भोंकांतील फटी बुजविणें अगत्याचें होतें. त्या पॉलियुरेथेनच्या फेसानें बुजविल्या जात, आणि फट खरोखर बुजली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कामगार पेटती मेणबत्ती भोंकापाशीं धरीत. ज्योत सरळ राहिली तर काम पक्कें. ज्योत भिंतीकडे झुकली तर हवा अजून शिरते आहे. या युक्तीला हंसण्याचें कारण नाहीं. वाऱ्याचा अत्यंत सूक्ष्म झोत दाखविण्यांत मेणबत्तीसारखें स्वस्त व संवेदनशील साधन दुसरें क्वचितच सांपडेल. दोष एवढाच कीं ज्या पदार्थाजवळ ती धरली जात होती तो पेट घेणारा होता. २० मार्च रोजीं, म्हणजे मोठ्या आगीच्या दोन दिवस आधीं, याच कामांत एक लहान आग लागली होती. ती विझविली गेली, तिची नोंद झाली, आणि मेणबत्ती पुन्हां पेटविली गेली.

२२ मार्च १९७५, शनिवार. दुपारीं बाराला वीस मिनिटें झालीं असतील-नसतील. तारांच्या दालनांत एका भोंकांत फेसाचे तुकडे कोंबून कामगारानें ज्योत जवळ नेली. हवेच्या ओढीनें ज्योत आडवी झाली व भोंकांत शिरली, फेस पेटला. प्रथम टॉर्चनें ठोकून, मग चिंध्या कोंबून, मग हातांतील अग्निशामक नळकांड्यांनीं ती विझविण्याचे प्रयत्न झाले. पण हवेची ओढ आगीला भिंतीच्या पलीकडे नेत होती. अलीकडून मारलेला वायु भोंकांतून पलीकडे निघून जाई, व पलीकडे, भट्टीच्या इमारतींत, तारांचे जुडगे आपल्यापाठीं आपण पेटत जात. आगीची वर्दी देण्यांत सुमारें पंधरा मिनिटें गेलीं. ती देण्याचा टेलिफोनचा क्रमांक निरनिराळ्या सूचनापत्रकांत निरनिराळा छापलेला होता.

तारांच्या दालनासाठीं कार्बन डायॉक्साइड वायूची मोठी व्यवस्था बसविलेली होती. कळ दाबली कीं सर्व दालन त्या वायूनें भरावें, आणि आग गुदमरून मरावी. पण दालनांत माणसें कामाला असल्यानें त्यांच्या जिवाच्या भयानें तिची वीज बंद करून ठेवली होती. हातानें चालविण्याची सोय होती. परंतु बांधकामाच्या वेळीं त्या कळीवर लोखंडी पत्रा बसविला होता, व तो तसाच राहिला होता. अखेर वीज जोडून वायु सोडला गेला तेव्हां त्यानें दालनांतला धूर वरच्या नियंत्रण-कक्षांत ढकलला, कारण त्या कक्षाच्या जमिनींतील भोंकें नीट बुजविलेलीं नव्हतीं. धुरानें कोंडलेल्या त्या कक्षांत बसून कर्मचाऱ्यांना दोन भट्ट्या सांभाळावयाच्या होत्या.

त्यांच्यापुढील फलकावर जें चाललें होतें तें कोणत्याही शिक्षणक्रमांत शिकविलेलें नव्हतें. दिवे कधीं झगझगीत होत, कधीं मंद. न सांगतां पंप सुरू होत, बंद केले तर पुन्हां सुरू होत. मग एकामागून एक यंत्रें गप्प होऊं लागलीं. खालीं जळणाऱ्या तारा एकमेकींस चिकटून खोटे हुकूम पाठवीत होत्या. १२ वाजून ५१ मिनिटांनीं पहिली भट्टी बंद करण्यांत आली, व थोड्याच वेळानें दुसरी. पहिल्या भट्टीची आणीबाणींत पाणी पुरविणारी सर्व व्यवस्था निकामी झाली. ही व्यवस्था एकेरी नव्हती, हें विशेष. एक बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी, अशी तरतूद मोठ्या काळजीनें व खर्चानें केलेली होती. पण त्या सगळ्यांच्या तारा एकाच जागेंतून गेल्या होत्या. एका गांवाला तीन विहिरी असाव्या आणि तिन्ही रहाटांचा दोर एकच असावा, तसा हा प्रकार होता. आग विझल्यावर मोजदाद झाली तेव्हां सोळाशेंहून अधिक तारा जळालेल्या निघाल्या, व त्यांतील सहाशेंहून अधिक भट्टीच्या सुरक्षिततेशीं निगडित होत्या.

इंधनाच्या वर एरवीं सोळा-सतरा फूट असणारी पाण्याची पातळी त्या दुपारीं सुमारें चार फुटांपर्यंत उतरली. उरलेल्या चार फुटांखालीं इंधन होतें. जो पंप मूळचा नियंत्रक-दंडांच्या यंत्रणेसाठीं होता, त्या लहानशा पंपाचें पाणी भट्टींत चालू राहिलें. आणि भट्टीचा दाब झडपा उघडून खालीं आणल्यावर टर्बाइनकडील पाण्याचे साधे पंप उपयोगीं आणतां आले. संध्याकाळीं सहाच्या सुमारास त्या झडपाही बंद पडल्या, दाब पुन्हां चढला, व रात्रीं पावणेदहानंतर त्या पुन्हां ताब्यांत येईपर्यंत भिस्त त्या लहान पंपावरच राहिली. आणीबाणीसाठीं मुद्दाम उभारलेली यंत्रें स्तब्ध असतां किरकोळ समजल्या जाणाऱ्या पंपांनीं भट्टी राखली. यांत कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानाचा वाटा मोठा आहे, हें मान्य केलेंच पाहिजे.

आणि पाणी? अथेन्स गांवाचे बंबवाले दुपारींच येऊन पोंचले होते. त्यांच्या नायकाचें म्हणणें सरळ होतें : हा तेलाचा किंवा पेट्रोलचा वणवा नव्हे, जळतात त्या वस्तूंना थंड केल्याखेरीज ती विझणार नाहीं, पाणी मारावें. केंद्राच्या अधिकाऱ्यांना तें पटेना. विजेवर पाणी मारूं नये हें तर शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. शिवाय पाण्यानें ज्या थोड्या तारा जिवंत आहेत त्याही गेल्या तर भट्टीवरचा उरलासुरला ताबा जाईल, ही धास्ती खोटी नव्हती. तास गेले. नळकांडीं रिकामीं होत राहिलीं. अखेर संध्याकाळीं पाण्याची परवानगी मिळाली. गांवाच्या बंबाकडून उसनें घेतलेलें नळीचें तोंड केंद्राच्या नळीवर बसेना, कारण दोहोंचे आंटे वेगळे. तरीही नळी एकदां चालू झाल्यावर जी आग सात तास हटली नव्हती ती वीस मिनिटांच्या आंत विझली. पावणेआठ वाजले होते. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाहीं, कोणी दगावलें नाहीं. दोन्ही भट्ट्या मात्र सुमारें दीड वर्ष बंद राहिल्या.

अमेरिकेचा अणु-नियामक आयोग त्या सालच्या जानेवारींतच अस्तित्वांत आला होता; ही आग म्हणजे त्याच्या पदरीं पडलेली पहिली मोठी परीक्षा. तोंपर्यंत आगीसंबंधींचा नियम होता, पण तो मोघम होता : महत्त्वाचीं यंत्रें अशीं रचावींत कीं आगीचा संभव व परिणाम कमींत कमी व्हावा. असें वाक्य कोणालाही मान्य होतें आणि कोणालाही बांधीत नाहीं. १९८० सालीं जे सविस्तर नियम प्रसिद्ध झाले त्यांनीं मोघमपणा टाकून फूट आणि तास यांची भाषा धरली. भट्टी सुरक्षितपणें थंड करणाऱ्या दोन बदली व्यवस्थांच्या तारा एकाच दालनांतून न्यावयाच्या असतील तर तीन मार्ग. एक, दोहोंमध्यें तीन तास आगीस दाद न देणारी भिंत. दुसरा, दोहोंमध्यें वीस फुटांचें आडवें अंतर, त्या अंतरांत जळण्यासारखें कांहीं नाहीं, शिवाय आग ओळखणारीं यंत्रें व आपोआप चालणारी विझविण्याची योजना. तिसरा, एका तासाचें वेष्टन, आणि पुन्हां तींच यंत्रें व तीच योजना. यांतील कांहींच शक्य नसेल तर भट्टी बंद करण्याचा एक अगदीं निराळा मार्ग, जो त्या दालनावर मुळींच अवलंबून नाहीं, तयार ठेवावा. जेथें माणसांना अंधारांत जाऊन झडपा फिरवाव्या लागतील तेथें व तेथवरच्या वाटेवर निदान आठ तास पुरणारे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे दिवे असावेत. प्रत्येक पाळींत निदान पांच माणसांचें अग्निशामक पथक असावें. त्यांची कवाईत तीन महिन्यांच्या आंत एकदां झालीच पाहिजे. वर्षांतून निदान एक न सांगतां व्हावी, एक रात्रपाळींत व्हावी.

हे नियम करणें सोपें नव्हतें, कारण कित्येक केंद्रें आधींच बांधून झालीं होतीं, व उभ्या भिंतींस वीस फूट दूर सरकावयास सांगणें म्हणजे मालकांच्या दृष्टीनें जुलूमच होता. परंतु नियमांहून अवघड गोष्ट पुढेंच होती. तीन तास टिकणारी भिंत तीन तास टिकते हें कळावें कसें?

त्यासाठीं भिंतीचा किंवा वेष्टनाचा नमुना भट्टीच्या तोंडाशीं उभा करतात. भट्टी मन मानेल तशी पेटवितां येत नाहीं. तिचें तापमान ठरलेल्या रेषेनें चढवीत न्यावें लागतें. पांच मिनिटांनीं ५३८ अंश सेंटिग्रेड, एका तासानें ९२७, तीन तासांनीं १,०५२. भिंतीच्या पाठीमागील बाजूस उष्णतामापकें चिकटविलेलीं असतात, व तेथील सरासरी तापमान मूळच्याहून १३९ अंशांपेक्षां अधिक वाढतां कामा नये. फटींतून ज्वाळा डोकावते काय हें पाहण्यासाठीं पाठीमागें कापसाचा टाकाऊ बोळा धरतात. तो पेटला तर भिंत नापास. एवढ्यानें भागत नाहीं. तापून लाल झालेल्या त्या नमुन्यावर लागलीच बंबाच्या नळीनें जोराचा झोत मारतात, कारण खऱ्या आगींत तो बसणारच. त्या तडाख्यानें भगदाड पडलें तरी नापासच. तारा जाणाऱ्या भोंकांच्या बुजवणीची परीक्षाही अशीच, आणि तींत तारा प्रत्यक्ष घातलेल्या असाव्या लागतात. रिकामें भोंक बुजविणें सोपें असतें. तांब्याची तार मात्र स्वतःच आगीची उष्णता पलीकडे वाहून नेते.

या परीक्षा कागदावर एक आणि भिंतीवर एक असल्या तर काय होतें याचा अनुभव अमेरिकेला १९९० नंतर आला. तारांवर लपेटण्याचें एक वेष्टन अनेक केंद्रांत तासाच्या व तीन तासांच्या हमीनें बसविलेलें होतें. नव्या चांचण्यांत त्यांतील कित्येक रचना हमीच्या वेळेपूर्वींच हरल्या, आणि १९९२ सालीं नियामक आयोगाला सर्व केंद्रांस तसें कळवावें लागलें. दोष केवळ पदार्थाचा नव्हता. जी रचना प्रयोगशाळेंत तपासली होती ती लहान नळीवरची, आणि जी केंद्रांत बसविली होती ती रुंद परातीसारख्या पाळण्यावरची. सांधे वेगळे, जाडी वेगळी. तपासलेली वस्तु आणि बसविलेली वस्तु एकच आहे काय, हा प्रश्न कोणी आग्रहानें विचारला नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत कित्येक ठिकाणीं माणसांनीं तासातासानें फिरून धूर दिसतो काय हें पाहण्याची जुनी रीतच चालवावी लागली. रामोशाची रात्रीची फेरी बंद पडली म्हणून ज्या काळाचा गौरव होतो, त्या काळांतली ही गोष्ट आहे.

वायूच्या व्यवस्थेची चांचणी हा एक स्वतंत्र व नाजूक विषय आहे. पाणी सांडलें तर पुसतां येतें. कार्बन डायॉक्साइड सुटला तर दालनांतील माणूस गुदमरतो. १९९८ च्या जुलैंत अमेरिकेच्या आयडाहो संस्थानांतील अणुसंशोधन-केंद्रांत, विजेच्या यंत्रांची दुरुस्ती चालू असतां तो वायु पूर्वसूचनेची घंटा न होतांच सुटला, व एका कामगाराचा प्राण गेला. इतर कित्येक जखमी झाले. तेव्हां ब्राउन्स फेरीच्या ज्या माणसांनीं ती कळ बंद ठेवली त्यांना मूर्ख म्हणणें अन्यायाचें होईल. एकच कळ चालू ठेवावी तर कामगार मरतात, बंद ठेवावी तर आग जगते. माणसें आंत असतांना कळ कोणी बंद करावयाची, बंद असेतोंवर तेथें पहारा कोणी द्यावयाचा, आणि ती पुन्हां चालू झाली हें कोणी लिहून ठेवावयाचें, एवढ्याच कारकुनी वाटणाऱ्या बाबींवर या कोड्याचें उत्तर टांगलेलें असतें.

पाण्याच्या पंपांची परीक्षा त्या मानानें रुक्ष आहे. विजेवर विसंबून राहतां येत नाहीं म्हणून आगीचा एक पंप तरी डीझेलवर चालणारा असतो. प्रचलित अमेरिकन पद्धतीप्रमाणें तो आठवड्यांतून एकदां सुरू करून अर्धा तास चालवितात. आणि वर्षांतून एकदां त्याच्याकडून त्याच्या ठरल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी काढून पाहतात, त्या वेळींही दाब ठरल्या दाबाच्या शेंकडा ६५ हून खालीं येऊं नये असा दंडक आहे. बाहेर ठेवलेल्या नळ्या दरवर्षीं, आंतल्या तीन वर्षांतून एकदां दाबाखालीं तपासतात. ज्या पंपाला वर्षानुवर्षें आगीचें दर्शन घडत नाहीं त्याच्यापुढें दर आठवड्याला हजेरी लावणें हें नोकराच्या दृष्टीनें कंटाळवाणें काम आहे, आणि कंटाळवाण्या कामांत पहिला बळी जातो तो नोंदवहीचा : पंप न चालवितां नुसती खूण केली जाते. अशा पंपाचें मोल काय असतें हें हिंदुस्थानांतच एका पहाटे कळून आलें.

उत्तर प्रदेशांत बुलंदशहर जिल्ह्यांत, गंगेच्या कांठीं नरोरा येथें २२० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांचें केंद्र आहे. येथील भट्ट्या जड पाण्याच्या; भट्टींतलें जड पाणी वेगळें, आणि त्याच्या उष्णतेवर वाफ-जनित्रांत ज्या साध्या पाण्याची वाफ होते तें वेगळें. ३१ मार्च १९९३ रोजीं पहाटे साडेतीन वाजतां पहिल्या भट्टीच्या टर्बाइनचीं दोन पातीं थकव्यानें तुटलीं. धातूलाही थकवा येतो. हजारों वेळां तेंच कंपन सोसून त्यांत सूक्ष्म तडा जातो. पातीं तुटतांच त्या फिरत्या यंत्राचा तोल गेला, त्याच्या हादऱ्यानें जनित्राचीं हायड्रोजन कोंडणारीं बंधनें फुटलीं, हायड्रोजन पेटला, मग वंगणाचें तेल पेटलें, मग तारा. नियंत्रण-कक्षांतील माणसांनीं भट्टी तत्काळ बंद केली. पण थोड्याच मिनिटांत जे घडलें तें ब्राउन्स फेरीपेक्षांही कठीण होतें : केंद्राची बाहेरची वीज, डीझेल-जनित्रांची वीज आणि बॅटरींची वीज, सर्वच व्यवस्था गेल्या, कारण त्यांच्या तारांना एकमेकींपासून तोडणारी भिंत वाटेंत पुरेशी नव्हती. अठरा वर्षांपूर्वीं अलाबामांत लिहिला गेलेला धडा नरोराच्या पाळण्यांवरून जाणाऱ्या तारांना लागू केलेला नव्हता. धुरानें नियंत्रण-कक्ष भरला व माणसांना तो सोडावा लागला.

भट्टी बंद होती; पण तिची शिल्लक उष्णता उठतच होती, आणि ती काढून नेणारा विजेचा एकही पंप फिरत नव्हता. मापकें अंध झालीं होतीं. अशा वेळीं दोन गोष्टी कामास आल्या. कर्मचारी हातांत टॉर्च घेऊन काळोखांत भट्टीच्या इमारतींत वर चढले, आणि त्यांनीं हातानें झडपा उघडून बोरॉनयुक्त पाणी स्वतःच्या वजनानें भट्टींत सोडलें. त्यामुळें विभाजनाची क्रिया पुन्हां सुरू होण्याचा संभव उरला नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे डीझेलवरचे आगीचे पंप. आगीच्या नळाचें पाणी वाफ-जनित्रांत नेण्याची एक वाट आराखड्यांतच ठेवलेली होती. ते पंप सुरू करण्यांत आले, व जें पाणी आगीवर मारण्यासाठीं होतें तें वाफ-जनित्रांत सोडण्यांत आलें. तेथें तें तापून वाफ होई, वाफ हवेंत जाई. आणि उष्णता निघून गेल्यानें भट्टींतलें जड पाणी, पंपाविना, तापलेलें वर व निवलेलें खालीं या न्यायानें आपलें आपण फिरत राहिलें.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला सातांपैकीं तिसरी पायरी देण्यांत आली. पुढें देशांतील इतर केंद्रांच्या टर्बाइनचीं पातीं तपासून बदलण्यांत आलीं, आणि बदली व्यवस्थांच्या तारा एकमेकींपासून दूर नेऊन त्यांच्यामध्यें अग्निरोधक आडोसे घालण्याचें काम हातीं घेतलें गेलें. नरोराची वीज सुमारें सतरा तास गेलेली होती. ती परत येईपर्यंत वाफ-जनित्रांत आगीच्या नळाचें पाणी जात होतें; इंधन शाबूत राहिलें, व किरणोत्सर्ग बाहेर पडला नाहीं.